मुलांच्या गटातले बाबा

"एखादी साइट बंद पडली, तर तिथली माणसं कुठं जातात गं?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा ताई ओट्यापाशी उभी राहून जेवणाची भांडी पुसत होती. तिचं निम्मं लक्ष भांड्यांत होतं आणि निम्मं दुसऱ्या दिवशीच्या कामात.

"कुठली साइट, बाबा?"

"आहे एक. शब्दांच्या खेळाची. म्हणजे होती. आता उघडतच नाही."

"चालवणाऱ्यांना जड गेली असेल. अशा कितीतरी बंद होतात."

"आणि माणसांना कळवत नाहीत?"

"कधी कळवतात, कधी नाही."

"हं," बाबा म्हणाले. पेल्यानं टेबलावर उमटवलेला ओला गोल त्यांनी बोटानं पुसला, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि ते आपल्या खोलीत गेले. ताईनं शेवटचं पातेलं फळीवर पालथं घातलं आणि ती तो प्रश्न विसरून गेली.

ताई ही घरातली थोरली लेक, म्हणून लहानपणापासून ताई. बाबाही तिला ताईच म्हणायचे. ती ज्या मोठ्या रुग्णालयात नेटवर्क सांभाळायची तिथंही शिपायापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळ्यांची ती ताईच झाली होती. कुणाचा संगणक जोडायचा, कुणाला कुठली पानं उघडू द्यायची, कुणाला नाही, हे तिच्या हातात. लोक तिच्याकडे यायचे ते बहुधा काहीतरी उघडत नाही म्हणून. उघडतंय हे सांगायला कोण येतो?

बाबा जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात दिवस जातो म्हणून घरी आल्यावर ते कुणाची चूक काढत नाहीत, असं आई म्हणायची. आई गेली आणि बाबा दोन बॅगा घेऊन ताईकडे राहायला आले, त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली होती. गॅलरीलगतची खोली त्यांना दिली होती. ते कुणाला कशाचाही त्रास देत नसत. पाणी आलं की भरून ठेवत, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडत, पेपर वाचून झाला की जणू घडी मोडलीच नव्हती असा परत ठेवत. जावई कामानिमित्त सारखे फिरतीवर, त्यामुळे घरात बाबा आहेत याचा ताईला मोठा आधार होता.

फक्त एका गोष्टीची तिला आस होती, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. बाबांनी आईबद्दल बोलावं. फार नाही, येता जाता एखादं वाक्य. "तुझी आई अशी करायची," एवढं. पण आईचा विषय निघाला की बाबा चष्मा काढून पुसायला घ्यायचे आणि तो पुसून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. ताईनंही मग जोर केला नाही. त्यांना त्रास होत असेल, आपण कशाला खपली काढायची, असं म्हणत तिनं स्वतःची समजूत घातली. पण समजूत घातली म्हणून आस थोडीच जाते? आईचं नाव बाबांच्या आवाजात ऐकायला तिचे कान आसुसलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातले भूलतज्ज्ञ स्वतःच जिना उतरून तळघरात आले. ताईची खोली तिथंच, यंत्रांच्या घरघरीत. डॉक्टर उंच, केस पांढरे, आणि बोलणं असं की समोरचा भूल न देताच सैल व्हावा.

"ताई, माझा गुन्हा काय ते तरी सांगा," ते स्टुलावर बसत म्हणाले. "आठवडा झाला, मला शस्त्रक्रियांचे व्हिडिओ दिसत नाहीत. माझ्या हाताखालच्या पोरांना, कालपरवा डॉक्टर झालेल्यांना, दिसतात. मला नाही."

ताईनं त्यांचं नाव शोधलं आणि तिला हसू आलं.

"तुम्ही शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचं कबूल केलंत का?"

"केलं. तोच गुन्हा का?"

"ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला शिकाऊंच्या गटात घातलंय. त्यांना वाटलं असेल, वर्गाचे निरोप तुम्हालाही जावेत."

"पण मी डॉक्टरांच्याही गटात आहे ना?"

"आहात. दोन्हींत आहात, तिथंच घोळ झालाय." ताईनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे नियम एकाखाली एक लिहिलेले असतात. यंत्र वरून वाचत खाली येतं. सगळ्यांत वर एकेका माणसाच्या नावाचे नियम. कुणाला काही खास लागत असेल तर तेवढ्यापुरते. त्याखाली गट. आणि अगदी तळाला बाकी सगळे. तुमचं नाव जिथं पहिल्यांदा लागेल, तो नियम घ्यायचा आणि थांबायचं. पुढं वाचायचंच नाही."

"आणि शिकाऊ वर आहेत."

"हो. त्यांना व्हिडिओ बंद असतात. त्यांच्यातले बरेच जण डॉक्टरांच्या गटातही असतात. शिकाऊंचा नियम खाली ठेवला तर त्यांना तो कधी लागायचाच नाही. म्हणून मीच वर ठेवला. खालच्या गटात तुम्हाला सगळं मोकळं आहे, डॉक्टर. पण यंत्र तिथवर पोचतच नाही."

"म्हणजे एवढी वर्षं लोकांना झोपवलं, त्याची काही कदर नाही."

"यंत्राला वय कळत नाही. कोण वर आणि कोण खाली, तेवढं कळतं."

डॉक्टर मोकळेपणानं हसले. ताईनं त्यांचं नाव शिकाऊंच्या गटातून काढलं, त्यांनी तिथंच फोनवर एक व्हिडिओ उघडून पाहिला आणि ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "खरं सांगू का, मला वाटलं ते व्हिडिओच कुणीतरी काढून टाकले असतील. पोरांकडे पाहिलं म्हणून कळलं. नाहीतर मी आणखी महिनाभर विचारलंही नसतं. या वयात विचारायला लाज वाटते हो. वाटतं, आपलंच काहीतरी चुकत असणार."

ते गेले. ताईचा हात माउसवर तसाच राहिला.

घरी भिंतीवर लावलेली इंटरनेटची पांढरी पेटी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिची मुलगी, घरातली छोटी, दिवसभर टॅबला चिकटायला लागली तेव्हा ताईनं ती पेटी आणली होती आणि रुग्णालयातल्यासारखेच नियम घरीही घातले होते. मोठी माणसं एका गटात, मुलं एका गटात, पाहुणे तळाला. मुलांना खेळ बंद, गप्पांची पानं बंद. बाबांचा टॅब अर्थातच मोठ्यांच्या गटात होता. मग एक दिवस बाबांना मेल आला, आज संध्याकाळी वीज तोडणार, ताबडतोब इथं माहिती भरा. बाबांनी घाबरून बँकेची सगळी माहिती भरली. बँकेनंच शंका येऊन व्यवहार थांबवला म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी काही सुचेना तेव्हा ताईनं बाबांचा टॅब मुलांच्या गटातही टाकून दिला. तो गट वर, म्हणजे तोच लागणार. पंधरा दिवसांपुरतं, नंतर नीट बसून काहीतरी करू, असं ठरवून. बाबांना ती एवढंच म्हणाली होती, "थोडी सुरक्षा वाढवलीय, बाबा."

पुढं कामं निघत गेली आणि ते नीट बसणं राहूनच गेलं.

छोटीची गोष्ट वेगळी. तिनं पहिल्याच आठवड्यात घर डोक्यावर घेतलं होतं. प्रत्येक बंद पानावर "हे पान बंद आहे" अशी पाटी यायची आणि ती पाटी घेऊन छोटी भांडायला यायची. शेवटी कंटाळून ताईनं ती पाटीच काढून टाकली. आता पान नुसतं उघडत नसे, जणू ते जगातच नाही. आणि चित्रं काढायचा एक खेळ तरी हवाच म्हणून छोटीनं रडून-रुसून स्वतःच्या नावाचा एक खास नियम मिळवला होता, गटाच्याही वरचा. भांडली म्हणून तिला मिळालं. बाबा भांडले नाहीत.

ताईनं रुग्णालयाच्या संगणकावर ती शब्दांची साइट शोधली. शोधताना तिला आठवलं की बाबांचं खातं तिनंच उघडून दिलं होतं, आई गेल्यानंतरच्या दिवसांत, त्यांचं मन कशात तरी रमावं म्हणून. टोपणनाव काय ठेवू, असं विचारल्यावर बाबा बराच विचार करून म्हणाले होते, "अनुस्वार." नंतर त्यांनी खेळाचं काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

साइट एका झटक्यात उघडली. पिवळ्या चौकटी, बाजूला अक्षरांच्या सोंगट्या. एकानं शब्द मांडायचा, दुसऱ्यानं त्याच्या अक्षराला धरून पुढचा. चालू असलेल्या पटांमध्ये तिला बाबांचं टोपणनाव दिसलं. "वेलांटी आणि अनुस्वार. चाल अनुस्वारची." महिनाभर चाल आली नाही तर समोरच्यानं हवं तर डाव जिंकून टाकावा, हवं तर थांबावं, असा तिथला नियम होता. पटाखाली वेलांटीनं काय केलं ते लिहिलेलं होतं. तिनं थांबायचं ठरवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा थांबायचं ठरवलं. खाली पाहावं तो तेच. एका बोटाच्या दाबानं जिंकता येणारा डाव वेलांटी महिनोन्‌महिने धरून बसली होती.

ताई बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिली. मग तिनं बाजूच्या खोलीत जाऊन सांगितलं, मला आज लवकर निघायचंय.

घरी बाबा गॅलरीत छोटीचे मोजे वाळत घालत होते. ताईनं पर्सही खाली ठेवली नाही.

"बाबा, ती साइट बंद पडलेली नाही."

बाबांनी चिमटा लावला. "मग?"

"मी बंद केली होती. म्हणजे तुमच्या टॅबवर. त्या बँकेच्या भानगडीनंतर."

"तू तर म्हणाली होतीस, सुरक्षा."

"सुरक्षाच. पण मी तुम्हाला मुलांच्या गटात टाकलं. त्यात खेळ बंद असतात. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

बाबांनी दुसरा मोजा उचलला, झटकला, पण तो दोरीवर घातला नाही. हातातच धरून ठेवला.

"मुलांच्या," ते म्हणाले.

"चुकलंच माझं."

"छोटीच्या आणि माझ्या, एकाच?"

"हो. पण छोटीला एक खास सवलत आहे."

"म्हणजे छोटी माझ्या वर."

ताईला हसावं की रडावं कळेना. बाबा आत येऊन पलंगावर बसले. त्यांना राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ते नुसते हातातल्या मोज्याकडे पाहत होते.

"मी रोज दुपारी उघडून बघायचो," ते म्हणाले. "म्हटलं, कधीतरी चालू करतील. मग वाटलं, मीच काही चुकीचं दाबलं असेल. तुला विचारणार होतो. पण पुन्हा त्या बँकेसारखं काही निघालं तर, म्हणून राहिलं. काल हिय्या करून विचारलं."

"मी आत्ता उघडते. तुमच्या नावाचा एक नियम सगळ्यांत वर टाकते, दोन मिनिटांचं काम."

"छोटीसारखी सवलत?"

"हो."

"नको." बाबांचा आवाज चढला नव्हता, पण ताईनं तो आवाज फार दिवसांनी ऐकला. छापखान्यात कुणी घाईनं मजकूर छपाईला सोडायला निघालं की ते असं बोलत असणार. "सवलत नको. मला त्या गटातून काढ. मोठ्यांत ठेव. चोरांची पानं बंद असू देत, ती तुझ्यासाठीही बंद असू देत. पण मुलांच्या गटात राहून वर मेहेरबानी नको मला."

ताईनं मान हलवली. लॅपटॉप उघडून तिनं बाबांच्या देखत त्यांचा टॅब मुलांच्या गटातून काढला. फसवणुकीची पानं सगळ्यांनाच बंद केली. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, एका ठिकाणी "सुरक्षीत" लिहिलं होतं ते ऱ्हस्व करायला लावलं, आणि मग टॅब हातात घेतला.

"तू जरा बाहेर बसतेस?"

ती बाहेर येऊन बसली. आत अगदी शांत होतं. छोटी शाळेतून आली, दप्तर फेकून आजोबांच्या खोलीकडे निघाली, तिला ताईनं धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं बाबा दारात आले. डोळे लाल होते.

"अक्षरं भलतीच वाईट आलीत," ते म्हणाले. "तेव्हाही हीच होती. दोन ढ आहेत. दोन ढ घेऊन माणसानं करायचं काय?"

"मग काय मांडलंत?"

"ढब."

एवढ्या महिन्यांनी परत जाऊन माणूस ढब मांडतो, याचं ताईला हसू आलं आणि बाबाही थोडे हसले. मग ते तिच्याशेजारी बसले आणि आपण होऊन बोलले. वेलांटीनं आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. एकटी राहते. कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, नावही नाही. पटाशेजारी चार ओळी लिहायला जागा असते. रोज दुपारी एक शब्द आणि चार ओळी. तिनं लिहिलेलं सगळं तिथं साठून राहिलं होतं. आधी चौकशी. मग काळजी. मग, "तब्येत बरी नसेल तर नुसतं एक अक्षर टाका." आणि शेवटचं, थोड्याच दिवसांपूर्वीचं, "आता या महिन्यानंतर मी थांबणार नाही."

"काय लिहायचात तुम्ही चार ओळींत?" ताईनं विचारलं.

बाबांनी चष्मा काढला. पण पुसला नाही.

"तुझ्या आईबद्दल," ते म्हणाले.

दोन वर्षं ताई ज्या वाक्यांची वाट पाहत होती, ती वाक्यं रोज लिहिली जात होती. या घरात, भिंतीपलीकडे, अनोळखी बाईला. आणि ती थांबवली होती तीही तिनंच.

"माझ्याशी का नाही बोललात?"

"तू रडली असतीस."

"रडले असते तर काय झालं असतं?"

"मग मला जमलं नसतं. तिच्यापुढं जमायचं. ती कधी भेटणार नव्हती ना."

ताईनं उठून दिवा लावला, छोटीला हाक मारली आणि संध्याकाळ रोजच्यासारखी पुढं सरकली.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. बाबा दुपारी जेवून टॅब घेऊन बसायचे. पडद्यावर "चाल वेलांटीची" एवढंच. रुग्णालयात दुपार झाली की ताईचं लक्ष कामावरून उडायचं. ती तिथून साइट उघडायची, तेच पाहायची आणि बंद करायची. तिला त्या बाईचा हेवा वाटायचा आणि तिनं परत यावं म्हणून जीवही तुटायचा, दोन्ही एकदमच. एकदा न राहवून ती बाबांना म्हणाली, "मी शोधून काढू का? साइट चालवणाऱ्यांना लिहिते. कुठून लॉगिन करायची तेवढं तरी कळेल."

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "तिनं नाव सांगितलं नाही. तिचं ते झाकलेलं आहे, तू कशाला उघडतेस? तुला उघडता येतं म्हणून?"

ताईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

उत्तर आलं ते एका सकाळी, बाबा पेपर वाचत असताना. टॅबवर टिंग झालं. ताई निघायच्या घाईत होती, चप्पल घालता घालता थांबली. बाबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काही न बोलता टॅब तिच्या हातात दिला.

"आपण आहात हे कळून जीव भांड्यात पडला. मुलीनं बंद केलं होतं, हे वाचलं. मुलीला दोष देऊ नका. माझा प्रश्न तुम्हाला आहे. एकाच घरात राहून तुम्ही विचारायला इतके महिने घेतलेत? मी इकडं काय काय मनात आणलं, त्याची तुम्हाला कल्पना नाही. एकदा तर मी तुम्हाला गेलेलेच धरलं आणि दोन दिवस जेवले नाही. दुपारची वेळ मला खायला उठायची, म्हणून ती मी दुसऱ्या एका पटाला दिली आहे. ते गृहस्थ वाईट खेळतात, पण रोज येतात. त्यांना आता नाही म्हणणार नाही. आपला पट मोडायचा नाही. पण रविवारीच. ढब चांगला आहे."

खाली तिनं बाबांच्या ब ला धरून "बखळ" मांडला होता.

ताईनं वर पाहिलं. "रविवारीच?"

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "पण आपण असं दार लावून बसलो की माणसं काय करणार? शेजार शोधतात." त्यांनी टॅब परत घेतला आणि बखळकडे बघत बसले. "मोकळी पडलेली जागा. दोन घरांच्या मधली. बघ, असले शब्द तिला बरोबर सुचतात."

बाबा रविवारची वाट पाहू लागले. सोमवारी ते शब्दांचा विचार सुरू करायचे, मंगळवारी बदलायचे, शनिवारी केस कापून यायचे. त्यांना पाहणारं तिकडं कुणी नव्हतं, हे त्यांना सांगावं असं घरात कुणालाच वाटलं नाही. रविवारी शब्द जायचा, यायचा, चार ओळी जायच्या, यायच्या. ओळी पूर्वीसारख्या राहिल्या नसाव्यात. बाबा एकदा म्हणाले, "सांभाळून लिहिते आता. माझंही तसंच होतं." आठवड्याच्या मधल्या दुपारी मात्र रिकाम्या होत्या. छोटी शाळेत, ताई रुग्णालयात, आणि बाबा टॅब न उघडता टेबलापाशी बसलेले. ताईला ते दिसत नसलं तरी ठाऊक होतं. कामात असली तरी तिचं मन त्या टेबलाभोवती घिरट्या घालत राहायचं.

एका बुधवारी तिनं अर्धी रजा टाकली. कशासाठी, ते तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. बाबा तिला दारात बघून चमकले.

"बरं नाही का तुला?"

"बरं आहे. सहजच आले." ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, मी रडणार नाही असं कबूल करत नाही. पण वेलांटीबाईंना सांगितलेलं एखादं मला सांगा. त्यांना सांगितलंत तसंच."

बाबांचा हात चष्म्याकडे गेला आणि परत खाली आला. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक मागं येत असल्याचा आवाज येत राहिला, मग तो थांबला.

"छापखान्यात आम्ही जोडीनं बसायचो," ते म्हणाले. "एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं छापलेलं तपासायचं. लग्नाआधी तुझी आई तिथंच कामाला होती, ती वाचायची. विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं म्हणावी लागायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, असं. तिचा आवाज बारीक होता, पण स्वल्पविराम म्हणताना ती जरा थांबायची. बाकी कुणी थांबत नसे."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार? एक दिवस कसलासा अहवाल होता, कुठल्याशा कालव्याचा. कंटाळवाणा. तिनं वाचलं, 'काम येत्या वर्षी पूर्ण होईल', आणि पुढं म्हणाली, 'प्रश्नचिन्ह'. माझ्या कागदावर पूर्णविराम होता. मी म्हटलं, बाई, इथं प्रश्नचिन्ह नाही. ती म्हणाली, कागदावर नाही, मला विचारायचंय. तुम्ही रोज डबा एकटेच का खाता?"

ताईचे डोळे भरून आले होते. बाबांनी ते पाहिलं आणि ते थांबले नाहीत.

"मी त्या दिवशी तीन चुका सोडल्या," ते म्हणाले. "मालक मला बोलले. ती शेजारी उभी होती, तिला हसू आवरत नव्हतं."

ताईनं पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची आणखी पुढं ओढली. "आणि डबा?"

"डब्याचं काय विचारतेस," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.